पाकिटात थांबलेली पेशी : गोव्याच्या दमट हवेत इन्स्टंट यीस्ट

घरी पाव, पोयी (कोंड्यात घोळवलेला पोकळ पाव) किंवा सान्नां (तांदळाच्या वाटणाची वाफवलेली) करायची म्हटलं की गोव्यात यीस्टचे चार पर्याय समोर येतात. हवा काढून विटेसारखी कडक केलेली अर्ध्या किलोची इन्स्टंट यीस्टची वीट, त्याच यीस्टच्या १० ग्रॅमच्या पुड्या, बाटलीतलं जाड दाण्याचं ॲक्टिव्ह ड्राय आणि बेकऱ्यांकडे जाणारी ताज्या यीस्टची वडी. हे परीक्षण पहिल्या दोघांचं आहे, बाकीचे दोन तुलनेपुरते. निकाल आधीच सांगून टाकू. आठवड्याला किलोभर पीठ मळणाऱ्या घराने इन्स्टंटच घ्यावं, ५ पैकी ४ गुण. जून ते सप्टेंबर मात्र वीट फोडू नये, पुड्याच आणाव्यात. कापलेला गुण यीस्टचा नाही, वेष्टनाचा आहे: विटेला परत बंद करायची सोयच नसते. कात्री लावली की रबरबँड शोधा.

यीस्ट आणलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘जिवंत आहे ना?’ प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. पाकिटातल्या एका ग्रॅममध्ये १० अब्जांहून जास्त पेशी असतात आणि त्यातल्या बहुतेक जिवंतच असतात. तरीही एक पाकीट पीठ तासाभरात फुगवतं आणि दुसरं तीन तास बसून राहतं. फरक असतो पेशी कुठल्या अवस्थेत थांबवली आणि दुकानापासून फडताळापर्यंत ती अवस्था टिकली का, यात.

आधी ती थांबते कशी ते पाहू. बेकरीचं यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. साधारण ५ मायक्रॉनची पेशी, सुमारे ६,००० जनुकं, १६ गुणसूत्रं. प्रयोगशाळेत ३० अंश सेल्सियसला भरपूर साखर आणि नत्र मिळालं तर दीड तासात एकीच्या दोन. ती मधोमध चिरत नाही, अंगावर कळी काढते. कळी काढायची की नाही हा निर्णय एका ठरावीक टप्प्यावर होतो. त्या टप्प्याला ‘स्टार्ट’ हे नाव लेलँड हार्टवेल यांच्या कामातून आलं, आणि २००१ चं नोबेल त्यांना टिम हंट आणि पॉल नर्स यांच्यासोबत मिळालं. स्टार्ट ओलांडला की मागे फिरणं नाही. साखर संपो, थंडी पडो, डीएनएची प्रत काढून कळी पुरी करावीच लागते.

स्टार्टचं दार ढकलणारं प्रथिन सीएलएन३. ते पेशीत अगदी थोडं असतं आणि तयार झाल्यावर काही मिनिटांतच मोडीत निघतं. म्हणून ते किती आहे यापेक्षा या घडीला किती तयार होतंय हे महत्त्वाचं. इथे आरएनएला धरणारी प्रथिनं येतात. प्रथिन बनवण्याचा जनुकाचा निरोप वाहून नेणाऱ्या एमआरएनएच्या धाग्यावर व्हि३ नावाचं प्रथिन बसतं आणि सीएलएन३ला दारापर्यंत सहज पोहोचू देत नाही. व्हि३ सीएलएन३च्या एमआरएनएला धरतं हे २००१ मध्ये दाखवलं गेलं. व्हि३ काढून टाकलेल्या पेशी लहानपणीच कळ्या काढू लागतात, त्यामुळे त्या आकाराने बुटक्या राहतात. (‘व्हि’ हे नाव व्हिस्कीवरून आलंय. स्कॉटलंडमध्ये दुसऱ्या यीस्टच्या बुटक्या वाणांना ‘वी’, म्हणजे इवलंसं, म्हणत होते. बेकरीच्या यीस्टवाल्यांनी त्याला व्हिस्कीने उत्तर दिलं.) दुसरा लगाम त्याच धाग्याच्या तोंडाशी आहे. खऱ्या मजकुराआधी तिथे एक छोटा खोटा मजकूर आहे. पेशीची वाढ मंद असली की रायबोसोम, म्हणजे निरोप वाचून प्रथिन बनवणारी यंत्रं, त्यातच अडकतात आणि सीएलएन३ आणखी कमी बनतं. म्हणजे अन्न कमी असलं की निरोप हजर असतो, वाचला जात नाही.

आता कारखान्यात या. मळीवर यीस्ट वाढवतात, पण मळी एकदम ओतत नाहीत. टाकीत सतत हवा सोडून ती थेंबाथेंबाने देतात. कारण साखर जास्त झाली की ही पेशी ऑक्सिजन असतानाही श्वसन सोडून मद्यार्क करायला लागते आणि उत्पादन कोसळतं. श्वसनाला लागणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या प्रथिनांचे निरोप पफ३ नावाच्या आरएनएधारी प्रथिनाच्या हातात असतात. ग्लुकोज भरपूर असेल तर पफ३ ते निरोप लवकर मोडीत काढतं, ग्लुकोज घटलं की तेच पफ३ फॉस्फेट लागून बाजू बदलतं आणि ते निरोप वाचले जातात. मळीचा नळ बारीक ठेवणाऱ्या कामगाराला पफ३ ठाऊक असायची गरज नाही, पण तो सांभाळतो तेच.

शेवटच्या काही तासांत नत्र बंद करतात आणि मळी आणखी कमी करतात. निघालेल्या कळ्या पुऱ्या होऊन सुटतात, नवीन निघत नाहीत, आणि पेशी ट्रेहॅलोज नावाची दुहेरी साखर साठवू लागते. चांगल्या सुक्या यीस्टमध्ये ती कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांच्या वर असते. पाणी काढून घेतल्यावर ट्रेहॅलोज काचेसारखं घट्ट होतं आणि पडदे, प्रथिनं जागच्या जागी धरून ठेवतं. कळी अर्धवट असलेली पेशी सुकवायला सगळ्यात वाईट. कळीची भिंत पातळ आणि मऊ असते, आणि वाढ चालू असताना ट्रेहॅलोज साठत नाही. भिंत मऊ करणाऱ्या प्रथिनांचे निरोप एसएसडी१ हे आणखी एक आरएनएधारी प्रथिन धरून ठेवतं. सीबीके१ या विकराने एसएसडी१ला फॉस्फेट लावलं की कळीपाशी ते वाचले जातात. कळीच्या टोकापर्यंत निरोप वाहून नेणारे हमालही आहेत. शी२ हे आरएनएधारी प्रथिन ॲश१ जनुकाचा धागा उचलून मोटर प्रथिनावर चढवतं आणि थेट मुलीच्या, म्हणजे कळीच्या, टोकाला नेऊन पोहोचवतं. वाटेत तो वाचला जाऊ नये म्हणून दुसरी दोन प्रथिनं त्याला झाकून ठेवतात. हे सगळं चालू असताना पेशी वाळवायला घेतली तर माल कमजोर होणारच. म्हणून थांबवण्याचे हे शेवटचे तास कारखान्याची खरी परीक्षा असतात, आणि ग्राहकाला ते पाकिटावर कुठेच दिसत नाहीत.

मग यीस्ट दाबून, चाळणीतून बारीक शेवेसारखं काढून, उबदार हवेच्या झोतावर नाचवत सुकवतात. इन्स्टंटमध्ये साधारण ५ टक्के पाणी उरतं, ताज्या वडीत सुमारे ७० टक्के. दाण्यावर सॉर्बिटन मोनोस्टिअरेटचा पातळ लेप असतो. लेबलवरचा ४९१ क्रमांक तोच. तो पाणी शिरण्याचा वेग सांभाळतो, घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

उपाशी पेशीच्या आत काय होतं ते कळलं की साठवणुकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. ग्लुकोज संपलं की काही मिनिटांत नवीन प्रथिनं बनणं जवळजवळ थांबतं. न वाचलेले निरोप प्रथिनांसह गोळा होऊन ठिपके बनतात. पेशीच्या आतला सामू एरवी ७ च्या आसपास असतो, तो ६ कडे उतरतो आणि आतला द्रव घट्ट, जवळजवळ घनासारखा होतो. ही मोडतोड नाही, आवराआवर आहे. सगळं परत उघडता येतं, फक्त एका दमात आणि पुरेशा पाण्याने. थोडी ओल लागली तर ट्रेहॅलोजची काच मऊ पडते, पण काम सुरू करण्याइतकं पाणी नसतं. पेशी धड झोपलेली नाही, धड उठलेली नाही. उन्हाळ्यात ३२ अंशाच्या स्वयंपाकघरात, पावसात ८५-९० टक्के आर्द्रतेत उघड्या विटेचं नेमकं हेच होतं. दाणे भुरभुरीत दिसतात म्हणून खरेदीदार निर्धास्त असतो. गुठळी दिसेपर्यंत बरंचसं गेलेलं असतं.

म्हणून गोव्यात वीट घ्यायची तर अशी: फोडल्या दिवशीच पाच-सहा लहान, कोरड्या काचेच्या बरण्यांत काठोकाठ भरा, वर हवा राहू देऊ नका. एक बरणी फ्रिजमध्ये वापरायला, बाकीच्या फ्रीझरमध्ये. थंड बरणी पावसाळ्यात लगेच उघडली की आतल्या दाण्यांवर दव धरतं, तेव्हा बंदच बाहेर काढून वीस मिनिटं थांबा, मग झाकण काढा. ओला चमचा आत घालू नका. वीज गेली तर बंद बरणीला काही होत नाही, उघडझाप केली तर होतं. बाजारात काही दुकानांत वीट फोडून प्लास्टिकच्या पिशव्यांत सुटं यीस्ट विकतात. ते कितीही स्वस्त असो, गोव्याच्या हवेत घेऊ नये. कधी फोडलं हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. सीलबंद विटेवर साधारण दोन वर्षांची मुदत असते, पण वीट दाबून पाहा: दगडासारखी कडक हवी. मऊ लागली तर हवा शिरली आहे, तारीख कितीही पुढची असली तरी परत ठेवा.

वापराकडे येऊ. इन्स्टंट पाण्यात भिजवायची गरज नाही, ते सरळ पिठात मिसळावं. कोरड्या पेशीचा पडदा पाणी शिरताना काही क्षण गळका असतो. पाणी थंड असेल तर गळती वाढते, आणि पेशीतलं ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य बाहेर येऊन पिठाला ताण देणारं ग्लुटेन ढिलं करतं. पीठ चिकट, सैल, आकार न धरणारं होतं आणि दोष मैद्याला दिला जातो. एप्रिल-मे महिन्यात पीठ तापू नये म्हणून बर्फाचं पाणी वापरणाऱ्या घरांत हा घोटाळा हमखास होतो. उपाय सोपा: यीस्ट आधी पिठात नीट कालवा, मग थंड पाणी घाला. पीठ स्वतः ३० अंशाचं असतं, त्यामुळे यीस्टला नुसत्या बर्फाच्या पाण्याचा धक्का बसत नाही. पाणी किती थंड हवं याचा हिशेब: हवं ते तापमान गुणिले तीन, त्यातून पिठाचं, खोलीचं आणि मळण्याच्या घर्षणाचं वजा. मळून झाल्यावर २६ अंश हवेत तर ७८. पीठ ३०, खोली ३१, हाताने मळल्याचे ३. पाणी १४ अंश. मिक्सरच्या हुकाने मळलं तर घर्षणाचे अंश बरेच वाढतात, पाणी तेवढं आणखी गार.

उलट चूक गरम पाण्याची. ‘कोमट’ म्हणून हाताला चटका देणारं पाणी घातलं जातं. साधारण ४६ अंशाला पॅब१ हे, एमआरएनएच्या शेपटीला धरून बसणारं प्रथिन, गोळे बनवू लागतं आणि वाढीचे निरोप बाजूला पडतात. पेशी मरत नाही. एचएसपी१०४ हे प्रथिन आणि त्याचे जोडीदार हे गोळे नंतर सोडवतात. पण त्यात वेळ जातो, आणि तेवढा वेळ पीठ फुगत नाही. ५५-६० अंशाला पेशी मरतेच. ॲक्टिव्ह ड्रायला ३८ ते ४० अंशाचं पाणी हवं, बोटाला जेमतेम ऊब कळेल इतकं.

लोकांचा एक समज इथे खोडून काढायला हवा. पाव फुगतो तो यीस्टची संख्या वाढते म्हणून, असं बऱ्याच पाककृतींत लिहिलेलं असतं. दीड-दोन तासांच्या पिठात हे खरं नाही. सुकलेली पेशी उठली की तिच्या आत कळी काढण्याआधी बरीच कामं उरकायची असतात. रायबोसोम कामाला लावायचे, अंग वाढवायचं, मग सीएलएन३ पुरेसं जमायचं. साखर फोडून वायू करणारी विकरं मात्र आधीपासून तयार असतात, ती काही मिनिटांत कामाला लागतात. तेव्हा झटपट पावात तुम्ही जेवढ्या पेशी घातल्या, त्याच राबतात. यीस्ट अर्धं मेलेलं असेल तर वेळ दुप्पट लागेल, मधे संख्या भरून निघणार नाही. ५०० ग्रॅम पिठाला ३ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचा, गोव्याच्या तापमानाला पुरतो. थंड प्रदेशातल्या पाककृतीत ७ ग्रॅम लिहिलेलं असतं ते इथे घातलं तर पीठ चाळीस मिनिटांत चढतं, चव यायच्या आत आंबूस वास येतो, आणि भट्टीत पाव बसतो.

रात्रभर ठेवायच्या पिठाचं गणित वेगळं. ५०० ग्रॅमला अर्धा ग्रॅम, २७-२८ अंशाला सुमारे आठ तास. इथे पेशींना स्टार्ट ओलांडून कळ्या काढायला वेळ मिळतो, म्हणून यीस्टची अवस्था इथे जास्त उघडी पडते. ताजी पुडी आणि तीन महिने उघडी बरणी यांतला फरक झटपट पावात वीस मिनिटांचा दिसेल, रात्रीच्या पिठात सकाळी थेट सपाट परात दिसेल.

लाल आणि सोनेरी पाकीट हा रंगाचा खेळ नाही. अनेक कंपन्या लाल वेष्टनात कमी साखरेच्या पिठासाठीचं यीस्ट देतात, सोनेरीत गोड पिठासाठीचं. पिठाच्या वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत साखर असेल तर लाल, त्यावर सोनेरी, आणि १० टक्क्यांच्या पुढे सोनेरीच. साखरेचा ताण पेशीतलं पाणी बाहेर ओढतो. सोनेरी वाण ग्लिसरॉल करून तो सोसतो, आणि साखर फोडणारं इन्व्हर्टेज हे विकर कमी ठेवून ताण आणखी वाढू देत नाही. पोयी-उंड्याला (उंडो म्हणजे गोल पाव) सोनेरी वापरल्याने पैसे वाया जात नाहीत, वेळ मात्र जातो, कारण पिठातली माल्टोज ही साखर उचलायला ते आळशी असतं.

पोयीसाठी प्रमाण: ३५० ग्रॅम गव्हाचं पीठ, १५० मैदा, १० ग्रॅम मीठ, ३ ग्रॅम लाल इन्स्टंट, ३३० ते ३५० मिलि पाणी. साखर नको. पहिलं फुगणं सव्वा ते दीड तास, ९० ग्रॅमचे गोळे, कोंड्यात घोळवून थापणं, अर्धा तास विसावा, आणि ओव्हन जितका तापेल तितका, २४० अंशांच्या पुढे, ८ ते १० मिनिटं. पोयीचा पोकळ फुगा वाफेचा असतो, यीस्टचा नव्हे; फुगली नाही तर यीस्ट वाढवू नका, ओव्हनचा तवा तापवा.

सान्नांसाठी ५०० ग्रॅम तांदळाच्या वाटणाला २ ग्रॅम आणि चहाचा चमचाभर साखर. वाटण दुप्पट झालं की ढवळायचं नाही, अलगद वाट्यांत ओतून १५ मिनिटं वाफवायचं. सुरेची, म्हणजे माडाच्या ताडीची, चव यातून येणार नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. माडाच्या सुरेत एकटं सॅकरोमायसिस नसतं, इतर यीस्ट असतात, आंबटपणा देणारे जिवाणू असतात. पाकिटात एकच वाण, एकाच टप्प्यावर थांबवलेला. रेंदेराकडून (माडाची सूर काढणाऱ्याकडून) सकाळची सूर मिळत असेल तर सान्नांना तीच घ्या. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, जुन्या उंड्याची चव ज्यांना आठवते त्यांनी इन्स्टंटला नावं ठेवली तर ते बरोबरच आहेत.

मळलेलं पीठ फ्रीझरमध्ये ठेवायचा बेत असेल तर सावध. कोरडं यीस्ट फ्रीझरमध्ये महिनोन्‌महिने टिकतं आणि तेच पिठात मिसळून गोठवलं की बरंचसं मरतं, याचं आश्चर्य वाटायला नको. पाणी आणि साखर मिळाल्यावर पेशी ट्रेहॅलोज मोडून खाते आणि कवच काढून टाकते. गोठवायचंच तर पीठ थंड पाण्याने मळा, फुगायला न ठेवता लगेच गोळे करून गोठवा, यीस्ट दीडपट घ्या.

ताजी वडी चवीला आणि वेगाला छान, पण फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडेच. घरच्यांनी या फंदात पडू नये. ३ ग्रॅम इन्स्टंटच्या जागी ९ ग्रॅम वडी. ॲक्टिव्ह ड्रायचा बाहेरचा थर सुकवताना मेलेला असतो, म्हणून ४ ग्रॅम लागतं आणि आधी भिजवावं लागतं. बाटलीचं झाकण घट्ट बसतं ही त्याची एकच जमेची बाजू.

फडताळात जुनं पाकीट सापडलं तर टाकण्याआधी तपासा. अर्धा कप, १२० मिलि, ४० अंशाचं पाणी, चमचाभर साखर, ७ ग्रॅम यीस्ट. दहा मिनिटांत फेस एक कपाच्या खुणेपर्यंत आला तर नेहमीचं प्रमाण चालेल. पाऊण कपापर्यंतच आला तर प्रमाण दीडपट करून त्याच दिवशी संपवा. वर नुसते चार बुडबुडे आणि खाली राखाडी गाळ दिसला तर ते पाणी माडाच्या आळ्यात ओता.